शिवदासच्या मशीनचं पुस्तक

गोव्यात चोपड्याला पुलाजवळ उतरून कोणालाही विचारा, मशीनवाला शिवदास कुठे राहतो, लगेच सांगतील. मला मात्र विचारू नका. त्याचं घर माझ्या कुंपणाला लागून आहे आणि गेल्या दोन वर्षांत मी इतक्या लोकांना ती वाट दाखवलीय की आमच्या घरावर पाटीच लावावी असं भागीरथी, म्हणजे माझी बायको, म्हणते. माझ्या दारातही एक मशीन आहे. होडीच्या मागे लावायच्या इंजिनाला आमच्याकडे मशीनच म्हणतात. माझं नवंकोरं, जपानी, बटण दाबलं की सुरू. पावण्यांना, म्हणजे पर्यटकांना, नदीत फिरवायला घेतलं. त्याच्याकडे आजपर्यंत एका माणसानं मान वळवून बघितलेलं नाही. बघणारे सगळे पलीकडच्या आंगणात, साठ-पासष्ट वर्षांच्या एका गंजक्या लोखंडाभोवती उभे.

शिवदास माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. अंगानं काटक, बोलायला कंजूस. उभी हयात फेरीबोटीवर गेली. चोपडे-शिवोली फेरी होती तोवर तिच्या पोटात इंजिनाशी असायचा, पूल झाला तेव्हा त्याची बदली केरीच्या फेरीवर झाली आणि तिथूनच तो निवृत्त झाला. फेरीवर त्याला हरी नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरानं काम शिकवलं होतं. त्या हरीचा एकच नियम होता, पुस्तक बघितल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. हरी गेला, फेरी गेली, पण तो नियम शिवदासच्या घरात ठाण मांडून बसला. सुमंगलावहिनीला नवा मिक्सर आणला तेव्हा हा गृहस्थ दोन दिवस सोप्यावर बसून त्याची पुस्तिका वाचत होता, आणि वहिनी आत दोन दिवस रगड्यावर खोबरं वाटत होती. त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेलं आहे. इस्त्रीचंसुद्धा. इस्त्रीत वाचण्यासारखं काय असतं, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "तुझी दोन वर्सांत जळली मां? माझी सतरा वर्सां चलता."

आता त्या मशीनचं. ऐका, आणि माझ्या पोटात का दुखतं ते तुम्हीच ठरवा.

शिवदासची बहीण सुलोचना कोरगावात दिलेली. दोन वर्षांपूर्वी काजूच्या दिवसांत तिच्याकडून बिया आणायच्या होत्या म्हणून शिवदासला मी माझ्या पिकअपमधून तिकडे नेलं. बिया तिच्या शेजारच्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, गोदामात ठेवल्या होत्या. गोदामाच्या कोपऱ्यात पोत्यांवर हे मशीन आडवं पडलेलं आणि त्याच्यावर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. भाटकार मला म्हणाला, बाबाजी, तुझी होडी आहे ना, घेऊन जा हे, नाहीतर मी भंगारात घालतो. नीट ऐका, मला म्हणाला. आधी मला. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, नको बाबा, कोंबडीचं घर मोडल्याचं पाप कोण घेणार. सगळे हसले. शिवदास हसला नाही. त्यानं कोंबडी उचलून बाजूला ठेवली, खिशातली चिंधी काढली आणि मशीनच्या अंगावरची एक पितळी पट्टी पुसायला लागला. पट्टीवर परदेशी अक्षरं निघाली, एक लांबलचक नंबर निघाला आणि साल निघालं एकोणीसशे अठ्ठावन्न. भाटकाराच्या गोदामाची कौलं परतून देण्याच्या बोलीवर शिवदासनं ते मशीन घेतलं. आणि घरी कोणी आणून दिलं? मी. माझ्या पिकअपमधून, माझ्या डिझेलवर.

त्यानं ते आंगणात लाकडी घोडीवर उभं केलं, धुतलं, पुसलं, आणि थांबला. मोरजी-मांद्र्याकडचे पावणे माझ्या होडीत बसायला यायचे ते वाटेत शिवदासच्या आंगणाशी अडकायला लागले. एक उंच जर्मन तर मशीनसमोर गुडघ्यावर बसला, देवळात बसावं तसा. त्याचे डोळे पाणावले होते म्हणे. त्याच्या आजोबाकडे असलंच होतं. इकडे माझी होडी भरून तयार, ओहोटी लागलेली, आणि जर्मन आजोबांच्या आठवणीत. मी हाका मारून दमलो. शिवदास मात्र सगळ्यांना एकच विचारायचा, ह्याचं पुस्तक कुठे मिळेल?

कारण पुस्तक नाही म्हणून त्यानं मशीनचा एक स्क्रू ढिला केला नव्हता. म्हापशाचा मिस्त्री म्हणाला, काका, उघडून टाकू, आत काय दिसेल ते दिसेल. शिवदासनं त्याला चहा पाजून परत पाठवला. मग ह्यानं पितळी पट्टीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, अक्षरं कागदावर उमटवून घेतली, आणि तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या पुस्तकांवर हात फिरवून आला, पणजीला गेला, वास्कोला जहाजाचं भंगार विकतात तिथे जाऊन आला. सुनेच्या हातून कंपनीला पत्र घातलं. चार महिन्यांनी उत्तर आलं की असली मशीनं आम्ही करत नाही, आणि करत होतो तेव्हाची माणसं आता नाहीत. दुसरा कोणी असता तर पत्र फाडून टाकलं असतं. ह्यानं ते पिशवीत घालून खुंटीला टांगलं.

मला तेव्हा गंमत सुचली. मी कुंपणावरून सहज सांगितलं की शिवदासदादा, डिचोलीला खाणीच्या बार्जी, म्हणजे मालाच्या बोटी, दुरुस्त करणारा एक विजय म्हणून आहे, त्याच्याकडे असल्या पुस्तकांचं कपाटच आहे. कपाट वगैरे काही नव्हतं. विजय होता, त्याला मी एकदा एका लग्नात जेवताना बघितला होता, तेवढंच. शिवदास दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं म्हापसा, तिथून डिचोली. दिवसभर मी भागीरथीला सांगून सांगून हसत होतो. संध्याकाळी तो उतरला तो लग्नातल्या वरासारखा चेहरा करून. विजयकडे पुस्तक नव्हतं, पण विजयला सगळं ठाऊक होतं. असल्या मशीनला एक नाही, तीन पुस्तकं असतात. एक चालवायचं, एक उघडून दुरुस्त करायचं, आणि एक नुसतं सुट्ट्या भागांच्या नंबरांचं. आणि अशी पुस्तकं जमवणारे लोक जगात आहेत, ते इंटरनेटवर सापडतात, हेही विजयनंच सांगितलं. म्हणजे माझ्या थट्टेनं ह्याचं दोन वर्षांचं काम एका दिवसात झालं. शिवदासनं मला डिचोलीच्या बाजारातलं खाजं आणून दिलं. ते गिळताना मला काय वाटलं असेल?

शिवदासची सून समीक्षा पेडण्याला बँकेत आहे. आयतवारी ती मोबाइल घेऊन सोप्यावर बसायची आणि शिवदास तिच्या शेजारी, पेन्सिलीचा कागद मांडीवर पसरून. ह्याचं शिक्षण मराठी सातवीपर्यंत, तेव्हा इंग्रजी ती वाचायची आणि हा मान डोलवायचा. मी बारावीपर्यंत इंग्रजी शिकलोय, म्हापशाच्या कॉलेजात, आणि पाच पावलांवर बसलेला असायचो. मला एकदाही हाक मारली नाही. मी मुद्दाम इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायचो, तरी नाही.

शेवटी तिला कॅनडातला एक म्हातारा सापडला. कुठल्याशा तळ्याकाठी राहतो, घरात असल्या मशीनांची पुस्तकं रचून ठेवलीत. त्यानं आधी पट्टीचा फोटो मागितला, मग दुसऱ्या बाजूचा, मग पंख्याचा. शिवदास मराठीत सांगायचा, समीक्षा लिहायची. हळूहळू त्या म्हाताऱ्याची पत्रं लांब व्हायला लागली. बर्फ किती पडलं, गुडघा कसा दुखतो, बायको गेली तिला पाच वर्षं झाली. शिवदास उलट कळवायचा की इकडे पाऊस किती, नदी किती भरली. माझा सख्खा भाऊ मस्कतला आहे, त्यानं मला कधी पावसाचं विचारलं नाही. आणि ह्याला एका गंजक्या मशीनपायी समुद्रापलीकडे मित्र मिळाला. श्रावणाच्या सुरुवातीला म्हाताऱ्यानं कळवलं की एवढ्या पानांचे फोटो काढून मोबाइलवर धाडत बसणं आपल्याला जमणार नाही, तेव्हा चालवायच्या पुस्तकाची झेरॉक्स काढून पोस्टानं पाठवतो.

इथवर मी नुसता जळत होतो. ह्यापुढे मी जे केलं त्याला भागीरथीनं वेगळा शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही.

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, गणेशचवथीला पाचव्या दिवशी सांगोड निघतो. दोन होड्या एकमेकींना बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, त्यावर वाड्यावरचे गणपती ठेवायचे आणि भरतीचं पाणी चढलं की नदीच्या मध्यावर जाऊन विसर्जन. ज्याचं मशीन सांगोडाला लागतं तो मध्यावर नारळ फोडतो. गेली आठ वर्षं तो नारळ माझा. श्रावणात देवळात सांगोडाची बैठक बसली तेव्हा शिवदास, जो बैठकीत जांभईशिवाय तोंड उघडत नाही, तो उठून उभा राहिला. म्हणाला, एक वर्स माझ्या मशीनान सांगोड न्हेऊंक जाय. त्याच्या बापानं, कृष्णनाथनं, वल्हं मारून सांगोड नेला होता, फेरीच्या नोकरीत ह्याला कधी चवथीची रजा मिळाली नाही. एवढं बोलून तो खाली बसला.

आणि माझी जीभ. मी म्हटलं, "शिवदासदादा, पाचव्या दिसा मेरेन मशीन चालू कर आणि खुशाल न्हे. झाला ना जाल्यार कोरगावची कोंबडी परत हाड आणि बसव तेचेर." नाही झालं तर कोंबडी आणून बसव, ह्यावर देवळात हशा पिकला. वाड्याचे वडील सखाराम, त्यांनी हसणं थांबवलं आणि म्हणाले, ठरलं तर. पाचव्या दिवशी सकाळी मशीन चाललं तर सांगोड शिवदासचा. नाही चाललं तर बाबाजीचा, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही. शिवदासनं मान हलवली. वहिनी नंतर भागीरथीला म्हणाली की त्या दिवसापासून ह्यांना धड झोप नाही.

चवथीच्या चार दिवस आधी शिवदासचं सगळं घर सुलोचनेला वजें, म्हणजे माहेरचा सणाचा शिधा, पोचवायला कोरगावला गेलं होतं. आमचा नेहमीचा पोस्टमन सणाच्या रजेवर, बदलीवर आलेला बेळगावकडचा होता. शेजारचं दार बंद बघून त्यानं एक जाडं पाकीट माझ्या हातात दिलं. कॅनडाचं तिकीट. पावसात एक कोपरा भिजून उघडा पडला होता.

देवाशपथ सांगतो, संध्याकाळी नेऊन द्यायचं असंच मनात होतं. पण संध्याकाळी बघतो तर शिवदासच्या आंगणात दोन पावणे मशीनचा फोटो काढताहेत, आणि त्यातला एक कुंपणाशी येऊन मला म्हणतो, जरा तुमची गाडी बाजूला घ्या, फोटोत येते. म्हटलं, उद्या देईन. उद्याचं परवा झालं. भिजलेला कोपरा मोठा झाला, कसा ते विचारू नका, आणि पुस्तक बाहेर आलं. चाळीस पानं. पहिल्या पानावर शाईनं लिहिलं होतं, माझ्या चोपड्याच्या मित्राला. मी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा भागीरथी म्हणाली, परीक्षा आहे का? मी पुस्तक मागच्या पडवीत जाळ्यांच्या ढिगाखाली सारलं.

चवथीच्या दिवशी शिवदासनं कुंपणावरून विचारलं, "पोस्टमन आयिल्लो रे?" मी म्हटलं, आयिल्लो, लायटीचं बिल घेऊन. ते खरंच आलं होतं. खोटं बोलायची मला सवय नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शिवदास सखारामांकडे जाऊन सांगून आला की पुस्तक काही येत नाही, म्हाताऱ्याला विचारलं त्याचंही उत्तर नाही, उद्या आपण पुस्तकाशिवाय मशीन सुरू करून बघणार. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण चाळीस वर्षांत न मोडलेला नियम हा माणूस मोडणार होता, त्यामुळे जेवण नीट गेलं नाही. नेवऱ्या, म्हणजे करंज्या होत्या, तरी.

पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या आंगणात अर्धा वाडा. पाण्यानं भरलेलं निळं पिंप, त्यात मशीनचा पंखा बुडवलेला. शिवदासनं प्लग साफ केला, टाकी पुसली. मग पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन पुढे घेतला. माझ्या जपानी मशीनला पेट्रोलात तेल मिसळावं लागत नाही. असल्या जुन्याला लागतं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण किती? शिवदासनं सखारामांना विचारलं, त्यांनी आपल्या जुन्या स्कूटरचा हिशेब सांगितला, लोक म्हणाले बरोबर, तेवढंच. आमच्या गावात पेट्रोलात तेल म्हणजे स्कूटरचं माप, दुसरं कोणी ऐकलेलंच नाही. शिवदासनं मापात शंभर मिली तेल घेतलं आणि कॅनमध्ये ओतलं.

मी कुंपणाला टेकून उभा होतो. पुस्तकाचं सहावं पान माझ्या डोळ्यांसमोर होतं, चौकटीत, जाड अक्षरांत. चोवीसाला एक. कमी तेल घातलंत तर पिस्टन आत अडकून बसेल, मग ते मशीन कशानंच सुटणार नाही. पिंपात चालेल. नदीच्या मध्यावर, वर गणपती आणि माणसं असताना, आवळेल. मला फक्त गप्प राहायचं होतं. आठ वर्षं माझा असलेला नारळ ह्या एका वर्षापुरता गेला असता, पुढच्या वर्षीपासून कायमचा माझा. कोणाला काही कळलं नसतं. शिवदासनं कॅन हलवला, टाकीचं झाकण उघडलं, कॅन तिरका केला.

"आनी तितलाच घाल," मी म्हटलं.

आवाज माझाच होता. सगळ्यांनी वळून बघितलं. शिवदासनं कॅन सरळ केला.

"कितें म्हणलंस?"

"स्कूटरचा माप ना ता. चोवीसाक एक. पाच लिटराक दोनशें घालूंक जाय. ना जाल्यार पिस्टन धरतलो."

"तुका कोणें सांगला?"

इंटरनेटवर वाचलं, असं म्हणता आलं असतं. पण त्या माणसाचा चेहरा बघून ते सुचलंच नाही. म्हटलं, "पुस्तकांत आसा."

भागीरथी आपल्या दारातून आत निघून गेली. मी पडवीत गेलो, जाळी बाजूला केली आणि पुस्तक घेऊन सगळ्यांच्या मधून चालत आलो. तेवढं वीस पावलांचं आंगण मला कोरगावएवढं वाटलं. शिवदासनं पुस्तक हातात घेतलं, नाकाशी नेलं. बांगड्याचा वास येत होता. चष्मा लावून पहिल्या पानावरची शाईची ओळ बघितली, समीक्षेला वाचायला लावली, आणि त्या ओळीवर अंगठा ठेवला. मला वाटलं आता देणार एक. लोकांनाही तेच वाटलं, काहीजण जागा करून देत होते.

त्यानं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "तुवें वाचलां मां सगळा? मग सांग. पयल्या पानासून."

"समीक्षा सांगतली मरे दादा—"

"तिका चवथीची कामां आसात. तू सांग."

मग मी सांगितलं. दोन तास, पिंपाशेजारी उभा राहून, चाळीस पानं. वाक्य इंग्रजीत वाचायचं, मराठीत करायचं, आणि शिवदास पान्यानं तेवढंच करायचा. एकही पान सोडू दिलं नाही, रंग कसा राखावा तेही नाही. प्लगचं अंतर पुन्हा मोजलं. पंख्यात कोणीतरी पोलादी खिळा मारला होता, पुस्तकात म्हटलं होतं की तिथे मऊ पितळेची पिन लागते, पंखा कशाला आपटला तर तीच मोडायला हवी, इंजिन नव्हे. शिवदासनं खिळा काढून पितळ कापून बसवलं. लोक जेवून आले, मी उभाच. दोर ओढण्याच्या पानावर आलो तेव्हा माझा घसा बसला होता. पहिल्या ओढीला काही नाही, दुसऱ्याला खोकला. चौथ्या ओढीला निळा धूर सोडून ते मशीन असं काही सुरू झालं की झाडावरचे कावळे उडाले. पोरंबाळं नाचायला लागली. सखारामांनी शिवदासच्या पाठीवर थाप मारली. मलाही मारली, पण जरा जोरात.

संध्याकाळी भरतीला सांगोड निघाला. मी काठावरच थांबणार होतो, पण शिवदासनं हाक मारली. पुस्तकात लिहिलं आहे की पहिल्या दिवशी मशीन अर्ध्याच जोरावर ठेवावं आणि मशीन थंड ठेवणारं पाणी बाहेर पडतं का बघत राहावं, तेव्हा बघणारा पाहिजे. मला त्यानं मशीनशेजारी बसवलं, गणपतींकडे पाठ करून, मांडीवर पुस्तक उघडं. आठ वर्षं मी नदीच्या मध्यावर पुढे उभा असायचो. ह्या वेळी मला दिसलं ते फक्त मशीनच्या भोकातून येणारं पाणी. मध्यावर शिवदास मशीन मंद करून पुढे गेला आणि नारळ फुटल्याचा आवाज मागून आला. नंतर शिवदास येऊन सुकाणूशी बसला, बाह्या भिजलेल्या, आणि मला म्हणाला, पाणी बरें येता मरे? मी म्हटलं, येतं.

वाड्याच्या ग्रुपवर फोटो आला आहे. शिवदास हसतोय, मशीन चमकतंय, आणि खालच्या कोपऱ्यात उघडं पुस्तक आणि ते धरलेली चार बोटं. बाकीचा मी फोटोच्या बाहेर. समीक्षेनं तोच फोटो कॅनडाला धाडला. म्हाताऱ्यानं विचारलं, पुस्तक धरलेला हा कोण? शिवदासनं सांगितलं, लिही, शेजारी. मी समीक्षेला म्हटलं, नाव तरी घाल माझं. ती म्हणाली, बाबा म्हणाले, एवढं पुरे. आता दुसरं पुस्तक यायचं आहे, उघडून दुरुस्त करायचं, शंभर पानांचं. म्हाताऱ्यानं ते पाठवलंसुद्धा. पोस्टमनला शिवदासनं सांगून ठेवलंय की घर बंद असलं तर शेजारी द्या. हे त्यानं मला का सांगावं, आणि तेही हसत?